बिनआवाजाची भाऊबीज

दिवाळीला भाच्यांना पुस्तके द्यावीत, हा विचार वामनरावांच्या डोक्यात आला तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की, पुढे अमरावतीत आणि अकोल्यात, दोन्हीकडे याबद्दल शंका घेण्यात आली.

वामनराव अमरावतीच्या तहसील कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेला कागद आला असे लिहायचे आणि गेलेला कागद गेला असे लिहायचे, एवढेच काम. पण ते इतक्या गंभीरपणे करीत की नवख्या माणसाला वाटावे, वऱ्हाड प्रांत यांच्याच टाकावर उभा आहे. लग्न झालेले नव्हते. आईबाप लवकर गेले आणि थोरल्या बहिणीने, वच्छलेने, त्यांना वाढवले. ती अकोल्याला दिलेली. तेव्हा वामनरावांच्या सबंध वर्षात सण म्हणावा असा दिवस एकच, भाऊबीज. बाकीच्या दिवशी ते नुसते जेवत.

पण या दिवशी भाच्यांसाठी काहीतरी न्यावे लागे, आणि नेमके तिथेच त्यांचे ग्रह फिरत. मागच्याच्या मागच्या साली त्यांनी सहदेव आणि शकुन या दोघा भाचरांना शिट्ट्या नेल्या. मागच्या साली डफडी नेली. वच्छलेच्या सासूबाई माणिकबाई दुपारी घटकाभर आडव्या होत असत. डफडी आल्यापासून त्या नुसत्याच आडव्या होत, झोप लागत नसे. शेवटी संक्रांतीच्या सुमारास डफडी विहिरीत पडली. ती आपणहून पडली असे माणिकबाई सांगत.

या साली नवरात्रातच अकोल्याहून कार्ड आले. अक्षर वच्छलेचे होते, पण आवाज माणिकबाईंचा होता. "पावन्यानं या साली आवाज करनारं काही आनलं, तर बडनेऱ्याहूनच परत जावं. आमी भाऊबीज डाकेनं मानून घेऊ." खाली कोपऱ्यात, शाई वाचवून लिहिल्यासारखे, वच्छलेचे स्वतःचे होते. "पोरं ताटात लय अन्न टाकून राहिली. जवारी कुठून येते म्हटलं तर म्हणतात बाबाच्या दुकानातल्या पोत्यातून. काही समजुतीचं आण. आन ये रे."

वामनरावांनी कार्ड वाचले, पुन्हा वाचले आणि सवयीने त्यावर आवक क्रमांक टाकला. मग ते विचाराला बसले. पुस्तकाला आवाज नसतो. पोरांना अन्नाची किंमत कळत नाही. तेव्हा शेती आणि अन्न यांवरची लहान मुलांची पुस्तके न्यावीत. घरात शांतता राहील, ताटे स्वच्छ होतील, आणि भाऊबीज जागच्या जागी राहील. या तर्काला कुठेही भोक नव्हते. वामनरावांच्या आयुष्यातले सगळे अपघात अशाच बिनभोकाच्या तर्कांतून झाले होते.

अंबापेठेत ते गोदाबाईंच्या घरात एका खोलीत भाड्याने राहत. बेत त्यांनी प्रथम गोदाबाईंच्या कानावर घातला.

"पुस्तकं? दिवायीले?" गोदाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. "काहून, कोनी मेलं काय?"

"अवो, लहान मुलांची पुस्तकं. शेतीची."

"थ्या पोराईनं काय गुन्हा केला? चिवडा न्या. चिवड्यानं अजून कोनाचं वाईट झालं नाई."

शेजारचे शालिकराम हे पेन्शनीत निघालेले मास्तर. शाळा सुटल्यापासून त्यांना शिकवायला कोणी उरले नव्हते, म्हणून ते वामनरावांना शिकवीत. ते म्हणाले, "पुस्तक द्या, उत्तम. पन पुन्याचं देऊ नका. पुन्याच्या पुस्तकातला शेतकरी सकायी उठते, आंघोय करते आन भात लावते. आपल्या इकडं भात कोन लावते? आपल्या इकडं मानूस बिमार पडला की भात खाते."

हा सल्ला मानण्याची वामनरावांची तयारी होती, पण बाजाराची नव्हती. पुस्तकांच्या दुकानात पाट्या होत्या, पंचांगे होती, पोथ्या होत्या आणि एक मांजर होते. मुलांसाठी शेतीचे काही आहे का म्हटल्यावर दुकानदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिले.

"मोठ्या मानसाईसाठी बी नाई, सायेब. शेती करनारा वाचत नाई, वाचनारा शेती करत नाई. मी ठेवू कोनासाठी?"

शेवटी पुण्याहूनच व्ही.पी.ने मागवली. पार्सल आले. शालिकराम मास्तरांनी ते वामनरावांच्या आधी उघडले आणि एकेक पान उलटताना त्यांचा चेहरा समाधानाने फुलत गेला. पहिल्या पानावर भात होता. दुसऱ्यावर भाताची रोपे होती. पुढे नारळ, फणस, सुपारी. जवारी नाही, तूर नाही, कपाशीचे तर बोंडही नाही. शेतकरीण नाकात नथ घालून चिखलात उभी होती. आणि शेवटच्या पानावर, रंगीत, पानभर, एक कोळीण टोपलीभर मासे घेऊन हसत होती.

वामनरावांनी पुस्तक ओढून घेऊन मिटले. माणिकबाई माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासा तर सोडाच, माशाच्या आकाराची चमचीही चालत नसे. ही कोळीण त्यांच्यासमोर जाऊन अशी हसली असती, तर वामनरावांना बडनेऱ्यालाही उतरू दिले नसते.

"मी काय म्हनत होतो?" शालिकराम म्हणाले. काही माणसांना दुसऱ्याची बुडालेली होडी पाहून पोहायला येते.

मग कोणीतरी सांगितले की, कॅम्पात एका सरकारी कचेरीत शेतीची पत्रके मिळतात, मराठीत, चित्रांसकट आणि फुकट. वामनराव स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे फुकट या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवायला नको होता. पण दिवाळी जवळ आली की भल्याभल्यांची बुद्धी फराळाच्या डब्यात जाते.

तिथल्या कारकुनाने विचारले, "काश्तकार हो?"

"नाही, कारकून आहे."

"पत्रके काश्तकारांसाठी आहेत."

"मी सरकारी नोकर आहे."

"मग तर मुळीच नाही. सरकारी आदमी को सब मालूम रहता है." मग त्या कारकुनाला, एका कारकुनाला दुसऱ्याची यावी तशी, दया आली. "घर में कुछ तो उगाते होंगे?"

वामनरावांनी पुष्कळ आठवून पाहिले. "तुळस आहे. तीही घरमालकिणीची."

"चलेगी," असे म्हणून त्याने लिहून घेतले. पीक, तुळस. क्षेत्र, एक कुंडी. पाण्याची सोय, लोटा. खाली त्याने 'बागायत' असा शिक्का मारला आणि वामनरावांच्या हातावर पत्रकांचा भारा ठेवला. वामनराव बागायतदार होऊन घरी आले. घरी कोणी ओवाळले नाही.

पत्रके मात्र खरोखर चांगली होती. जवारीचे पेरणीपासून खळ्यापर्यंत सचित्र वर्णन होते. तूर होती, हरभरा होता, गाईचे चित्र इतके हुबेहूब की गोदाबाईंनी त्याला नमस्कार केला. पण भाच्यांच्या हातात सुटे कागद कसे द्यायचे? पुस्तक हवे, वर पुठ्ठा हवा, लाल कापड हवे. म्हणून वामनराव भारा घेऊन इतवारा बाजारात गुलाम नबीकडे गेले.

गुलाम नबी जुना बांधणीवाला. वकिलांची दप्तरे, मदरशातल्या किताबा, देवळातल्या पोथ्या, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. मागच्या पडवीत त्याची बायको खातूनबी मोरचूद घालून पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवीत असे. त्यामुळे पुस्तकाला कसर लागत नसे आणि गिऱ्हाइकाला ठसका लागे.

"दोन पोरं, दोन पुस्तकं," वामनराव म्हणाले. "पुण्याच्या पुस्तकातली बैलाची आणि मोटेची चित्रं घे, बाकी या पत्रकांतलं. कोळीण कुठेही दिसता कामा नये."

"समजलं, भाऊ. बाईमानूस वगयायचं."

शालिकराम मास्तर बरोबर आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण ते सहसा बोलावल्याशिवायच येत. पत्रके चाळता चाळता ते थबकले. "वामनराव, हे काय हाय?"

"कांदा."

"कांदा हाय थे मले दिसते. पन सद्या काय सुरू हाय?"

"आश्विन."

"आन चातुर्मास?"

वामनरावांनी कांद्याचे पत्रक चटकन पालथे घातले. आषाढापासून कार्तिकी एकादशीपर्यंत माणिकबाईंच्या उंबऱ्याच्या आत कांदा, लसूण आणि वांगे येत नसे, आणि भाऊबीज एकादशीच्या आधी पडते. इथे तर कांदा चांगला चार पानभर पसरलेला, लसूण त्याला लागून, आणि वांग्याचे तर जांभळे रंगीत चित्र.

गुलाम नबीने कांदा उजेडात धरून पाहिला. "भाऊ, कागदाचा कांदा हाय थो. कापला तरी डोयात पानी येत नाई."

"उंबऱ्याच्या आत गेला की कांदा तो कांदा," मास्तर म्हणाले.

"मंग एकादशीनंतर बांधून देतो."

"भाऊबीज त्याच्या आधी हाय, बाबा," वामनराव म्हणाले.

"मंग भाऊबीज थोडी फुडं ढकला. आमच्यात बी चांद दिसला नाई त ईद फुडं जाते."

तडजोड म्हणून कांदा, लसूण आणि वांगे काढायचे ठरले. पण गुलाम नबीला एक अडचण होती, आणि ती धंद्याची होती. पुठ्ठे आणि कापड बेतून ठेवले होते. पाने काढली तर पुस्तकाची पाठ पोकळ पडते. "पोकळ पाठीचं पुस्तक मी देत नाई, भाऊ. माया बापानं बी कोनाले देल्लं नाई. जेवढं काढलं, तेवढं भरा लागते."

"मग भर. कांदा, लसूण, वांगं सोडून सरकारी पत्रकातलं काहीही भर."

हे वाक्य वामनराव उभ्या उभ्या बोलून गेले. पुढे ते त्यांना बसल्या जागी पुष्कळ दिवस आठवत राहिले.

काय भरले ते त्यांनी निवांत पाहिलेही असते. पण पुस्तके तयार झाली त्याच सकाळी गोदाबाईंच्या दारात दोन मजूर, कुदळी आणि एक मुकादम येऊन उभे राहिले.

"बागायतदार वामनराव इथंच राहतात काय?"

बागायतदारांनी खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली. पण उशीर झाला होता. एवढी पत्रके एकाच शेतकऱ्याने नेल्याचे वर कळले होते, आणि असा उत्साही काश्तकार सरकारला सापडत नसल्यामुळे त्याच्या जमिनीत नमुन्याचा खतखड्डा करून दाखवावा असे ठरले होते. जमीन म्हणजे तुळशीच्या कुंडीखालची. मजुरांनी कुंडी आदराने बाजूला ठेवली आणि गोदाबाईंचे अंगण खणायला घेतले.

"अरे, खड्डा कायले?" गोदाबाई ओरडल्या.

"खतासाठी, मावशी. सरकारकडून हाय. फुकट."

वामनराव धावत कॅम्पात गेले. कारकून म्हणाला, नाव कमी करता येईल. पीक पार बुडाले असल्याचा पंचनामा आणा, की झाले. म्हणजे आधी तुळस मारायला हवी. तुळशीचे लग्न तोंडावर आलेले. नवरीला मारून पंचनामा करा असे गोदाबाईंना सांगण्याची हिंमत वामनरावांत नव्हती. ते परत आले तेव्हा खड्डा कमरेइतका झाला होता आणि मजूर दिवाळीच्या सुटीवर निघून गेले होते. खड्ड्याच्या एका काठावर गोदाबाई आणि दुसऱ्या काठावर शालिकराम मास्तर असे उभे राहून दोघे वामनरावांबद्दल बोलत होते. आपल्याबद्दलची अशी चर्चा मधल्या खड्ड्यावरून उडी मारून ऐकायला जाणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी मागच्या दाराने पिशवी काढली, इतवाऱ्यातून बांधलेला पुडा उचलला आणि बडनेऱ्याची गाडी गाठली.

अकोल्याला ते पोचले तो पाडव्याचा दिवस. मेव्हणे रामराव यांची दाणाबाजारात अडत होती. ते कमी बोलत, कारण त्यांच्या मते बोलण्याला भाव नव्हता. त्यांनी पुड्याकडे पाहिले, वामनरावांकडे पाहिले आणि "आले?" एवढेच विचारले.

माणिकबाईंनी पुडा हातात घेतला. हलवून पाहिला. कानाशी धरला. पुन्हा हलवला. पोरे, वच्छला, वामनराव सगळे पुढे वाकून उभे. पुड्यातून काही आवाज आला नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "सोडा."

लाल कापडातली दोन पुस्तके निघाली. माणिकबाईंना वाचता येत नव्हते, पण चित्रे येत होती. त्यांनी पहिलीच काही पाने उलटली. जवारीचे कणीस, बैल, मोट, गाय. "यात कांदा हाय काय?"

"काढला," वामनराव म्हणाले.

"लसून?"

"काढला."

"वांगं?"

"तेही काढलं. बांधणीवाल्याशी भांडून काढलं."

माणिकबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून हसल्या. "वच्छला, पाय वं. पावन्याले अक्कल आली." वच्छलेचे डोळे पाणावले. वामनराव नम्रपणे जमिनीकडे पाहत राहिले. हा क्षण त्यांनी पुरवून पुरवून खायला हवा होता. तेवढाच होता.

दुपारी पंगत बसली. पुरणपोळी, कढी, मोसमातली पहिली फुलगोबी, आणि माणिकबाईंच्या ताटाशी सोललेले संत्रे. प्रसन्न होऊन त्यांनी फर्मान काढले, "सहदेव, मामानं आनलं थे वाच. जेवतानी चांगलं कानावर पडलं पायजे."

सहदेव खणखणीत वाचे. शाळेत त्याला त्याबद्दल बक्षीस होते. त्याने जवारी वाचली. एका दाण्यापाठी किती कष्ट पडतात हे ऐकून शकुनने ताटातले शीत बोटाने टिपून खाल्ले. वच्छलेने भावाकडे पाहिले. रामराव चक्क "वा" म्हणाले. मग सहदेवने पान उलटले, आणि गुलाम नबीने इमानाने भरलेली पाठ सुरू झाली.

"'फुलकोबीस शहरातील मैल्याचे खत अत्यंत मानवते,'" सहदेव वाचू लागला. "'नगरपालिकेच्या गाड्या गावाबाहेर जो मैला नेऊन टाकतात, तो योग्य रीतीने कुजविल्यास...'"

रामरावांचा हात ताट आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. हातात फुलगोबी होती.

"आजी," सहदेवने मान वर करून विचारले, "म्हंजे आपला बी?"

"आपला बी आन शेजारच्याईचा बी," शकुन म्हणाली. तिला एकदम सगळे उमगले होते. "साऱ्याईचा मियून."

"पान पलट," माणिकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

सहदेवने पान पलटले. "'संत्र्याच्या झाडास मेलेल्या जनावरांच्या हाडांचा चुरा...'"

माणिकबाई प्रत्येक एकादशीला फक्त संत्र्यावर राहत. त्यांनी हातातली फोड ताटात ठेवली, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि छताकडे पाहून म्हणाल्या, "पांडुरंगा, मी उपासाले काय खाल्लं रे आजलोग?" मग त्या भरल्या ताटावरून उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

सासू उपाशी, म्हणून सून जेवेना. सून जेवत नाही म्हणून चूल पेटेना. रामरावांना वेगळीच काळजी होती. दाण्याच्या अडत्याच्या घरात दाणा बंद झाला हे बाजारात कळले, तर गिऱ्हाईक काय समजेल? शेजारणी येऊन गेल्या. एकीने सांगितले, भाजीवर गोमूत्र शिंपडा. दुसरी म्हणाली, त्याचेही खत होतच असते की. ती गेल्यावर माणिकबाईंनी दूधही परत केले.

सुखी होती ती फक्त पोरे. पूर्वी ती ताटात अन्न टाकत. आता ती ताटात वाढूच देईनात. "मेथी नको. मेथीत बी हाय. पान काढून दाखवू?"

"अगं, पुस्तकातलं सगळंच खरं नसतं," वामनराव काकुळतीने म्हणाले.

"मामा, याच्यावर सरकारी शिक्का हाय," शकुन म्हणाली. सरकारी नोकराने शिक्का पाहिला आणि सवयीने मान डोलावली.

भाऊबीजेची सकाळ उजाडली तरी चूल थंडच होती. वच्छलेने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन तयार केले आणि ती पाटाशेजारी नुसती बसून राहिली. "वामन, ओवाळीन मी तुले," ती म्हणाली. "पन घास कायचा भरवू? भाऊबीजेले भाऊ माया हातचं जेवल्याबिगर गेला, असं कधी झालं नाई रे."

भिंतीकडून आवाज आला. "पावन्याची गाडी कवाची हाय?"

"दुपारची."

"सकायची नाई काय?"

वामनरावांना त्या प्रश्नाचा अर्थ कळला. या सालचाच नव्हे, पुढच्या सगळ्या सालांचा कळला. ते पाटाकडे पाहत उभे राहिले. रांगोळी फार सुबक आली होती.

इतक्यात दाराशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दर्यापूरकडून दमणी आली होती आणि तीतून माणिकबाईंचे धाकटे भाऊ उत्तमराव उतरत होते. पिकल्या मिशांचा हा म्हातारा दर भाऊबीजेला बहिणीकडे यायचा. त्याच्या हातात भाजीची पिशवी होती आणि डोळ्यांत भूक.

"बाई," तो ओसरीवरूनच म्हणाला, "पहाटेचा निंगालो. काय केलं व खायाले?"

माणिकबाई भिंतीकडून वळल्या. साऱ्या जगाला उपाशी ठेवता येते, भाऊबीजेच्या दिवशी भावाला नाही. त्या उठल्या, पुढे आल्या आणि म्हणाल्या, "उत्तम, आधी एक खरं सांग. तू वावरात काय टाकतं?"

वामनरावांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सगळ्या वऱ्हाडात त्या क्षणी एक खोटे बोलणारा माणूस हवा होता, आणि आला होता उत्तमराव. शहरातल्या माणसाने आपल्याला शेतीबद्दल काही विचारावे, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. तो पाटावरच बसला.

"काय टाकतो? सारंच टाकतो. गाईम्हशीचं शेन, मूत, चुलीतली राख, घरचा केर. धनगराच्या मेंढ्या बसोतो वावरात. आन मांगं एक वासरू मेलं, थे लिंबूनीच्या बुडाशी गाडलं. पाय मंग कसे लिंबं धरले." त्याने पिशवीतून एक टप्पोरे पिवळे लिंबू काढून पाटापुढे ठेवले. वच्छलेने पदर डोळ्यांवर घेतला. "पन तू मले हे काहून इचारून राहिली? लाहानपनी उकिरडा तूच त पांगवत होती. खताचं टोपलं तुयाच डोक्शावर राहे. तुयं लगन झालं तवा बाप म्हने, पोरगी गेली, आता वावर पिकवन कोन?"

सहदेवने पुस्तक मिटले. "आजी, तुले माईत व्हतं?"

"मंग? मले माईत नाई त काय तुया मामाले माईत राहीन?" माणिकबाई कडाडल्या. कालपासून कोंडलेले सगळे बाहेर आले. "अरे, मी खतात वाढली. पन जेवतानी वाचाचं थे? घास तोंडात असतानी? उकिरडा उकिरड्याच्या जागी, ताट ताटाच्या जागी. तेवढं इसरन्यात मानसाचं आयुष्य जाते, तवा कुठं दोन घास गोड लागतात. संत्राच्या झाडाखाली काय असते थे मी कधी इचारलं नाई, अशीच नाई इचारलं काय? आन हा पावना! एवढा शिकला, नोकरी करते, आन लाल कापडात बांधून आनून देते!"

उत्तमरावांना यातले काही कळले नाही. ते म्हणाले, "बाई, भूक लागली व."

माणिकबाईंनी पदर खोचला. "वच्छला, चूल पेटव. लिंबू चीर."

मग दोन पाट शेजारी शेजारी पडले. एकावर उत्तमराव बसले, दुसऱ्यावर वामनराव. माणिकबाईंनी आपल्या भावाला ओवाळले, वच्छलेने आपल्या. वच्छलेने वरणभातावर लिंबू पिळून पहिला घास वामनरावांना भरवला, आणि कालपासून उपाशी असलेल्या वामनरावांनी वासराचा विचार अजिबात न करता तो गिळला. पलीकडे माणिकबाई भावाच्या ताटाशी बसून जेवत होत्या, आणि जेवताना डोळे मिटून घेत होत्या.

जेवणे झाल्यावर निकाल लागला. पुस्तके देवघरावरच्या फळीवर ठेवण्यात आली. ज्याचा उपास असेल त्यानेच ती वाचायची, असा नियम झाला. सहदेवने तिथल्या तिथे जाहीर केले की, उद्यापासून त्याचा उपास आहे.

"आन पावने," माणिकबाई म्हणाल्या, "तुमी फुडच्या साली या. यायाचंच. माया सुनेचा भाऊ हाय, आला नाई त लोकं मले बोलतीन. पन काही आनू नका."

"काहीच नको?"

"आवाज करनारं नाई, न करनारं नाई. खायाचं नाई, वाचाचं नाई."

"पण भाऊबीजेला रिकाम्या हातानं..."

"रिकाम्या हातानं. मी दारातच झडती घेईन."

वामनरावांनी रामरावांकडे पाहिले. रामराव म्हणाले, "ऐका तिचं." त्यांच्या दृष्टीने हे फार लांबलचक भाषण होते.

टांग्यापर्यंत वच्छला आली. शिदोरी द्यायला तिने हात पुढे केला, मागे वळून दारात उभ्या माणिकबाईंकडे पाहिले आणि हात पदराखाली घेतला. "रिकामाच ये," ती हळूच म्हणाली. "पन ये."

गाडी सुटली. वामनराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी ते खिशात घातले. मग काढले. मग एकमेकांत गुंफले, ते बरे दिसेना, म्हणून सोडले. समोरच्या बाकावर एक माणूस गाठोडे उराशी धरून बसला होता. तो बराच वेळ हे पाहत होता.

"काही हरपलं काय, भाऊ?"

वामनरावांनी दोन्ही हात पुढे करून त्याला उलटे आणि सुलटे दाखवले.

"नाई," ते म्हणाले. "सवय करून राहिलो."